कांजी पाठ करायची, तर मराठीतून

जपानी शिकायला बसलेल्या मराठी विद्यार्थ्याला हिरागाना आणि काताकाना फारसे अडवत नाहीत. दोन्हींची मूळ अक्षरं शेहेचाळीस-शेहेचाळीस. त्यांचा क्रमही अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना असा, आपल्या वर्णमालेच्या वळणाचा, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णांचा जो अभ्यास केला त्यातूनच जपानी अक्षरांना तो मिळाला. ही अक्षरं थोड्या सरावाने हाताला बसतात. खरी चढण लागते ती कांजीपासून. मूळच्या चिनी लिपीतल्या या चिन्हांपैकी रोजच्या वापराची म्हणून जपान सरकारने जी यादी ठरवली आहे, तीत २०१०पासून २१३६ चिन्हं आहेत. प्रत्येकाचा आकार निराळा, अर्थ निराळा आणि उच्चार बहुधा एकाहून अधिक. अनेकांचं जपानी इथेच थांबतं आणि खापर फुटतं ते बिचाऱ्या स्मरणशक्तीवर. मला हे मान्य नाही. या मुलांना पाठ करायची जी रीत दिली जाते, ती एक तर जपानी लहान मुलांची असते, नाहीतर इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांची. कांजीचे अर्थ आणि उच्चार ध्यानात ठेवायला स्मरणखुणा हव्यातच, पण त्या मराठीत बांधलेल्या हव्यात.

आधी जपानी मुलांच्या रीतीचं पाहू. तिथे पहिलीत ८०, दुसरीत १६० आणि सहावी संपेपर्यंत एकूण १०२६ कांजी शिकवल्या जातात. चौकोनी वहीत त्या पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. आपल्याकडेही हाच मार्ग पुष्कळदा सुचवला जातो आणि जपानी लोक असेच शिकले, मग आपल्याला का जमू नये, असं त्याचं समर्थनही केलं जातं. यात एक मोठा फरक नजरेआड होतो. ‘यामा’ म्हणजे डोंगर हे जपानी मुलाला शाळेत पाऊल टाकण्याआधीपासून ठाऊक असतं. ओळखीच्या शब्दाला त्याला फक्त आकार जोडायचा असतो आणि त्यासाठी हातात सहा वर्षं असतात. आपल्या विद्यार्थ्यापुढे आकार, अर्थ आणि उच्चार तिन्ही परके असतात, आणि वेळ असतो नोकरी किंवा कॉलेज सांभाळून उरलेला. तीन परक्या गोष्टी एकमेकींना बांधायच्या, तर मध्ये ओळखीचं काहीतरी घालावंच लागतं.

हे आपल्याला नवं नाही. इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ने आणि वृत्तांचे गण ‘यमाताराजभानसलगम्’ने पिढ्यान् पिढ्या लक्षात राहिले. परकी भाषा शिकताना अशा युक्तीचा किती उपयोग होतो, हे प्रयोगाने तपासलंही गेलं आहे. अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेला प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. एका गटाला प्रत्येक शब्दासाठी त्याच्याशी उच्चाराने जुळणारा इंग्रजी शब्द दिला आणि त्या शब्दाचं व अर्थाचं मिळून एक चित्र मनात उभं करायला सांगितलं. दुसऱ्या गटाने आपापल्या पद्धतीने पाठ केलं. परीक्षेत पहिल्या गटाला ७२ टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला ४६ टक्के. सहा आठवड्यांनी अचानक पुन्हा विचारलं, तेव्हा प्रमाण ४३ आणि २८ होतं. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पण दुवा म्हणून दिलेला शब्द इंग्रजी होता, कारण शिकणारे इंग्रजी बोलणारे होते. आपल्याकडे विसरलं जातं ते नेमकं हे.

कांजीच्या बाबतीत ही वाट रुंद केली ती जेम्स हायसिग यांनी. नागोयाच्या नानझान विद्यापीठात काम केलेले हे अभ्यासक. त्यांचं पुस्तक १९७७ साली पहिल्यांदा निघालं आणि आजही जगभर वापरलं जातं. त्यांचा मुद्दा असा की, चिनी विद्यार्थी जपानी शिकायला येतो तेव्हा त्याला चिन्हांचे आकार आणि अर्थ आधीच माहीत असतात, तेव्हा इतरांनीही आधी तेवढं साधून घ्यावं आणि उच्चार मागाहून शिकावेत. त्यासाठी प्रत्येक कांजीचे घटक सुटे करायचे, प्रत्येक घटकाला नाव द्यायचं, कांजीला एकच इंग्रजी शब्द नेमायचा आणि घटकांची मिळून गोष्ट रचायची. विचार पक्का आहे. अडचण अशी की दोन हजारांवर चिन्हांना दोन हजारांवर वेगवेगळे शब्द हवेत, म्हणजे जवळजवळ एकाच अर्थाच्या इंग्रजी शब्दांमधल्या बारीक छटा शिकणाऱ्याला आतून माहीत हव्यात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मग कांजीबरोबर इंग्रजीही घोकावं लागतं. हायसिगचं पुस्तक स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन वाचकांसाठी त्या त्या भाषेत बेतलं गेलं ते उगीच नाही.

मराठीत बांधलेली खूण कशी काम करते, ते एका कांजीच्या गोतावळ्यात पाहता येईल. देऊळ या अर्थाची एक कांजी आहे. जपानीत ती बौद्ध मंदिरासाठी वापरतात, तिचे उच्चार ‘तेरा’ आणि ‘जि’. हिच्या डाव्या अंगाला निरनिराळे घटक येऊन नवी चिन्हं होतात आणि ती एकमेकांसारखी इतकी दिसतात की नवशिक्याची हमखास गल्लत होते. डावीकडे सूर्य आला की अर्थ होतो वेळ. हात आला की धरणे. चालण्याचा घटक आला की वाट पाहणे. वाणी आली की कविता. माणूस आला की सामुराई. गाय किंवा बैल आला की विशेष. ही यादी कोरडी वाचली तर संध्याकाळपर्यंत निम्मी विसरेल. आता हेच देऊळ आपल्या गावचं समजा. सूर्य डोक्यावर आला की देवळात नैवेद्य जातो, ती वेळ. हातात नारळ घट्ट धरून आपण देवळात शिरतो, ते धरणे. पावलं देवळाकडे वळली आणि दर्शनबारीत खोळंबली, ते वाट पाहणे. देवळातल्या कीर्तनात बुवांच्या वाणीतून अभंग येतो, ती कविता. देवळाच्या दाराशी शस्त्र घेऊन उभा असलेला माणूस, तो सामुराई. आणि देवळात बैल? तो साधा बैल नसतो. शंकरासमोर बसलेला नंदी असतो, म्हणून विशेष. इथे काहीही ओढूनताणून आणावं लागलेलं नाही. मराठी मनात देऊळ, नंदी, दर्शनबारी आधीपासून नांदत आहेत. परक्या पुस्तकातलं देऊळ याच मुलाला आधी डोळ्यांसमोर उभं करावं लागतं आणि निम्मा जोर तिथेच खर्ची पडतो.

याच गोतावळ्यात उच्चाराचा प्रश्नही उभा राहतो. वेळ, धरणे आणि सामुराई या तिघांचा चिनी वळणाचा उच्चार मूळ देवळासारखा ‘जि’च आहे, त्यामुळे तिथे वेगळी खूण लागत नाही. वाट पाहणे मात्र ‘ताइ’ होतं आणि विशेष होतं ‘तोकु’. म्हणून दर्शनबारीत ताई उभी करावी आणि नंदीच्या शिंगाचं टोक पाहावं. शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायची आपली पद्धत असल्यामुळे ते टोक नजरेसमोरून हलतही नाही. ‘तोकु’ आणि ‘टोक’ यांत त-ट चा फरक आहे, हे खरं. पण खुणेचं काम उच्चार शिकवण्याचं नाही, आठवणीला धक्का देण्याचं आहे. नेमका उच्चार कानाने ऐकून पक्का करायचा असतो.

उच्चारांच्या बाबतीत मराठीची कुमक तर फार मोठी आहे आणि ती जवळजवळ पडून आहे. कांजीला साधारणपणे दोन जातींचे उच्चार असतात. एक अस्सल जपानी, त्याला ‘कुन’ म्हणतात. दुसरा चिनीवरून आलेला, तो ‘ओन’. चिन्ह एकटं आलं की बहुधा कुन, दुसऱ्या चिन्हाशी जोडून शब्द झाला की बहुधा ओन. इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्याला ही दुहेरी व्यवस्था जाचक वाटते. मराठी माणूस तर तशाच व्यवस्थेत जन्मापासून वावरतो. तहान लागली की आपण पाणी मागतो, पण वाहतुकीसाठी जलमार्ग म्हणतो. हात धुतो, पण हस्तकला शिकतो. आग लागते, पण बोलावतो अग्निशमन दलाला. जपानीत नेमकं हेच घडतं. पाणी म्हणजे ‘मिझु’, पण जलमार्ग म्हणजे ‘सुइरो’. हात म्हणजे ‘ते’, पण हस्तकला म्हणजे ‘शुगेइ’. आग म्हणजे ‘हि’, पण ज्वालामुखी म्हणजे ‘काझान’, अक्षरशः अग्निपर्वत. तेव्हा प्रत्येक कांजीला एकच शब्द नेमण्याऐवजी मराठी विद्यार्थ्याने जोडी नेमावी. कुनला घरगुती शब्द, ओनला तत्सम. पाणी–मिझु, जल–सुइ. हात–ते, हस्त–शु. अशाने अर्थ तर राहतोच, शिवाय कोणता उच्चार कुठे हेही त्यातच येतं. अपवाद आहेत. पत्राला जपानीत ‘तेगामि’ म्हणतात, हात आणि कागद या दोन्हींचे कुन उच्चार जोडून. पण आपणही हातमाग आणि हातखर्च म्हणतोच. नियम कुठे सैल होतो याची जाण मराठी कानाला आधीच आहे.

सुट्या कुन शब्दांसाठी ध्वनीवरून खूण बांधायची, तर मराठीचा हात आणखी सैल सुटतो. गाव किंवा नगर याला जपानीत ‘माचि’ म्हणतात आणि गडावरची वस्तीची सपाट जागा ती आपली माची. नदी ‘कावा’, आणि डोंगरांमधून हुलकावण्या देत जाणाऱ्या नदीत गनिमी कावा कुणालाही दिसेल. पश्चिम ‘निशि’, जिकडे सूर्य बुडून निशा येते. गाय ‘उशि’, गोठ्यात तिच्या अंगाची उशी करून झोपलेलं वासरू. चंद्राला ‘त्सुकि’ म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दारंभीचा हा ‘त्सु’ जड जातो, कारण त्यांच्या भाषेत तिथे तो सहसा येत नाही. आपण ‘चूक’ म्हणताना तोच उच्चार रोज करतो. रोज आकार बदलणाऱ्या चंद्राकडे पाहून ‘चुकीचा’ म्हणावं, ‘त्सुकि’ आपसूक तोंडात येतो. एका ठिकाणी मात्र मराठीही तोकडी पडते. जपानीत ‘को’ आणि लांबवलेला ‘कोऽ’ हे दोन वेगळे उच्चार आहेत आणि आपल्या ‘ओ’मध्ये असा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. तो दीर्घपणा खुणेतच मुद्दाम घालावा लागतो, नाहीतर चिन्ह ओळखूनही शब्द चुकतो.

या सगळ्यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असतो तो खरेपणाचा. कांजींना हजारो वर्षांचा इतिहास आहे, तिथे नंदी आणि दर्शनबारी घुसडणं म्हणजे त्या इतिहासाची मोडतोड, असं ते म्हणतात. आक्षेप आदराने घ्यायला हवा. पण चिन्हांच्या गोष्टी रचायची सवय त्या संस्कृतीतही जुनी आहे. इसवी सन १००च्या सुमारास शू शेन या चिनी पंडिताने ९३५३ चिन्हांचा कोश रचला. ‘करणे’ या अर्थाच्या एका चिन्हात त्याला माकडीण दिसली. पुढे हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेले प्राचीन लेख सापडले, त्यात ते चिन्ह निघालं हत्तीला हाताने नेण्याचं. माकडिणीची गोष्ट चुकीची होती, तरी पंडितांच्या कितीतरी पिढ्या त्या कोशावरच शिकल्या. जपानी लोकही ‘आई-बाप’ या अर्थाची कांजी अशीच सांगतात. झाडावर उभं राहून मुलांकडे पाहतात ते पालक. कारण त्या चिन्हात वर ‘उभे राहणे’, खाली ‘झाड’ आणि उजवीकडे ‘पाहणे’ दिसतं. इतिहास निराळं सांगतो. डावीकडचा तो भाग मुळात उच्चार दाखवायला आला आहे आणि त्याचा उच्चार आहे ‘शिन’.

मला आक्षेपातला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण इथे गोष्टीच्या नादात खरोखर नुकसान होतं. ‘नवे’ या अर्थाच्या कांजीत डावीकडे तोच भाग आहे, उजवीकडे कुऱ्हाड. तीही ‘शिन’. तिच्यावर गवताचा घटक ठेवला की होतं सरपण, तेही ‘शिन’. जो फक्त झाडावर उभ्या असलेल्या पालकांची गोष्ट लक्षात ठेवतो, त्याला एका किल्लीने उघडणारी तीन कुलुपं स्वतंत्रपणे फोडावी लागतात. निळ्या-हिरव्या रंगाच्या कांजीचंही तेच. तिचा ओन ‘सेइ’. तिला पाण्याचा घटक जोडला की निर्मळ, सूर्याचा जोडला की निरभ्र, तांदळाचा जोडला की निवडून शुद्ध केलेलं, वाणीचा जोडला की विनंती. चौघांचाही ओन ‘सेइ’च. बहुसंख्य कांजी अशाच, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा, अशा घडल्या आहेत. तेव्हा क्रम असा असावा. आधी चिन्हात उच्चाराचा भाग आहे का ते शोधावं. असेल तर त्या कुटुंबातल्या कांजी एकत्र शिकाव्यात आणि गोष्ट फक्त अर्थासाठी रचावी. देवळाच्या गोतावळ्यातल्या ‘ताइ’ आणि ‘तोकु’सारखे फुटीर असतील, तिथे मात्र ध्वनीची खूण बांधावी.

दुसरा आक्षेप प्रयोगांच्याच आधाराने घेतला जातो आणि तो अधिक भक्कम आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, खुणेच्या आधाराने शिकलेले शब्द लगेच छान आठवतात, पण मध्ये उजळणी झाली नाही तर साध्या घोकंपट्टीने शिकलेल्या शब्दांपेक्षा ते भराभर विसरतात. अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रयोगातही सहा आठवड्यांत ७२ वरून ४३ टक्क्यांपर्यंत घसरण झालीच होती. म्हणून खूण बांधून वही मिटणाऱ्याला ही पद्धत फसवते. खूण म्हणजे बांधकामाची परांची. भिंत पक्की होईपर्यंत ती लागते आणि भिंत रचायची असते स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून. नुसतं वाचून गेलं की सगळं येतंय असं वाटतं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी दाखवून दिलं की, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने घेतली तर स्वतःची परीक्षा घेणारे. उजळणी तर हवीच. पण हाताशी खूण नसेल तर अडलेल्या चिन्हापाशी विद्यार्थ्याला पान उलटून उत्तर पाहण्यावाचून इलाज नसतो, आणि मग आठवण्याचा व्यायामच होत नाही. खूण असली की तो स्वतःच्या डोक्यातून उत्तर ओढून काढू शकतो.

अर्थाच्या मर्यादेबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूने आहे. कांजीला नेमलेला शब्द म्हणजे तिचा अर्थ नव्हे. जन्म आणि जीवन या अर्थाची एक कांजी ‘गाकुसेइ’ म्हणजे विद्यार्थी या शब्दात ‘सेइ’ होते, ‘इश्शोऽ’ म्हणजे आयुष्यभर यात ‘शोऽ’ होते आणि एकटी ‘नामा’ म्हणून आली की कच्चं किंवा ताजं असा अर्थ देते. हायसिग उच्चार पुढे ढकलतात, ते मला इथे पटत नाही. खुणेने चिन्ह ओळखीचं झालं की त्याच आठवड्यात ते दोन-तीन खऱ्या शब्दांत भेटलं पाहिजे. नाहीतर दोन हजार चिन्हं ओळखणारा पण एक ओळ न वाचता येणारा विद्यार्थी तयार होईल.

कुणी म्हणेल, इंग्रजीत तयार पुस्तकं आणि अ‍ॅप आहेत, मुलांना इंग्रजी येतंच, मग हा खटाटोप कशाला? पण जपानी शिकणाऱ्यांचा वर्ग आता बदलतो आहे. ती भाषा फक्त पुण्यातल्या अभियंत्यांची आणि अनुवादकांची राहिलेली नाही. जपानने २०१९मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१मध्ये भारताशी त्याबाबत करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी जाऊ पाहणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या मुलीचं इंग्रजी कामचलाऊ असेल, तिची मराठी मात्र भरगच्च आहे. तिथे वृद्धाश्रमात तिला ‘औषध’ ही कांजी दिवसातून दहादा दिसेल. वर गवत-वनस्पतीचा घटक आणि खाली ‘सुख, आराम’ या अर्थाचं चिन्ह. झाडपाल्याने आराम पडला, हे तिने आजीच्या तोंडून ऐकलेलं वाक्यच त्या कांजीत लिहून ठेवलेलं आहे. तिला ते इंग्रजीच्या आडवळणाने का शिकवायचं?

म्हणून माझं सांगणं जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांना आहे, मग ते रानडे इन्स्टिट्यूटमधले असोत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले असोत की घरच्या खोलीत चार मुलांचा क्लास घेणारे असोत. जपानी पहिलीच्या ८० आणि दुसरीच्या १६० कांजींसाठी घटकांची मराठी नावं आणि कुन-ओनच्या मराठी जोड्या एकत्र बसून ठरवा, आणि ती यादी सगळ्यांना फुकट वापरू द्या. अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रयोगातही दुव्याचा शब्द शिक्षकांकडून आला होता, चित्र मात्र विद्यार्थ्याने स्वतः रंगवलं होतं. तेवढीच वाटणी इथेही ठेवा. शब्द तुम्ही द्या, आणि देऊळ कुठल्या गावचं ते विद्यार्थ्याला ठरवू द्या.